जीप जाते तिथपर्यंत

सर, तुमच्या नावाची खोली काल उघडली. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे आपल्या वेळी मोडक्या खुर्च्या आणि परीक्षेचे जुने पेपर टाकत, तिथे आता काचेचा दरवाजा आहे. त्यावर पितळी अक्षरांत तुमचं नाव आणि नावाखाली 'संशोधक प्रशिक्षण कक्ष' असं लिहिलं आहे. तुमच्या मुलाने देणगी दिली म्हणे. फीत कापायला मला बोलावलं होतं, कारण तुमच्या हाताखाली राबलेल्यांपैकी स्वतःच्या पायांनी जिना चढू शकेल अशी मी एकटीच उरले आहे. डीनबाई वयाने तरुण आहेत, त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. त्या भाषणात म्हणाल्या की नव्या संशोधकांना घडवणं हा तुमचा आयुष्यभराचा ध्यास होता. मी पहिल्या रांगेत बसले होते. चेहरा सांभाळण्यासाठी मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि त्या ध्यासाबद्दल बोलून होईपर्यंत खाली काढली नाही.

मी तुमच्या विभागात आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वसईच्या ख्रिस्ती गावातली मुलगी, वडील प्राथमिक शाळेत मास्तर, घरामागे केळीची वाडी. एम.बी.बी.एस. झाल्यावर गावात दवाखाना टाक असं सगळे सांगत होते. मला मात्र रोग माणसापर्यंत पोचतो कसा ते शोधायचं होतं. रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्राच्या विभागात संशोधन सहायकाची जागा निघाली आणि मी तुमच्यासमोर येऊन बसले. तुम्ही माझ्या मार्कांकडे पाहिलं नाहीत. "वसईची का? मग घरची केळी असतील," म्हणालात. नंतर विचारलंत, "टायपिंग येतं?" येतं म्हणाले, कारण नन्सच्या शाळेत सुट्टीत शिकले होते. "छान. ये उद्यापासून. तुला मी संशोधक करतो." सर, त्या वाक्यावर मी किती वर्षं काढली याचा मला आजही राग येतो. घरी येऊन आईला ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं. तिने रविवारी चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावली.

संशोधक करण्याची तुमची रीत अशी होती. मी तुमच्या पुस्तकाची प्रकरणं टाइप करायची, आणि ती प्रकरणं तुम्ही दुसऱ्या दोन पुस्तकांतून उतरवलेली असायची. परदेशी पाहुणे आले की त्यांना वसईचा किल्ला दाखवायला मी न्यायचं. सुट्टीवरून परत आले की तुमचा पहिला प्रश्न "काय निष्कर्ष?" असा कधीच नसायचा; "सुकेळी आणलीस का?" असा असायचा. आमच्याकडची वाळवलेली केळी तुमच्या टेबलाच्या खणात असत आणि तुम्ही ती पीएच.डी.च्या तोंडी परीक्षा घेताना चघळत असा. संख्याशास्त्राचं पुस्तक मी स्वतः वाचायला घेतलं तेव्हा तुम्ही ते माझ्या हातातून घेऊन चाळलंत आणि परत देताना म्हणालात, "हे कारकुनांचं काम. डॉक्टरला डोळा हवा."

डोळा तुम्हाला होता, हे खोटं नाही. पहिल्याच आठवड्यात एका बाईची खालची पापणी ओढून तुम्ही मला दाखवली होती. दिव्याखाली बघायचं नाही, खिडकीशी न्यायचं, आणि एकट्या पापणीवर विसंबायचं नाही. जीभ बघायची, नखं बघायची, तळहातांच्या रेषा बघायच्या. "रक्त किती आहे ते माणूस अंगावर लिहून फिरत असतो," म्हणाला होतात. मी आयुष्यभर तसंच तपासलं. म्हणून तर तुमच्याबद्दल मला कीव वाटत नाही. ज्याला दिसतच नाही त्याची कीव करावी. तुम्हाला दिसत होतं, आणि तुम्ही जीपमधून उतरत नव्हतात.

दरवर्षी डिसेंबरात वसईच्या आपल्या ग्रामीण केंद्रावर 'संशोधन प्रशिक्षण शिबिर' व्हायचं. ते आता डोळ्यांसमोर येतं. केंद्राच्या आवारात मांडव पडलाय. आगाशीच्या बाजारातून झेंडूच्या माळा आल्यात. मुंबईहून बसने वेगवेगळ्या विभागांतले तरुण ट्यूटर आणि सहायक येतात; त्यांच्या वह्या कोऱ्या आहेत आणि बिचाऱ्यांना खरंच काही लिहून घ्यायचंय. दीपप्रज्वलन होतं. प्रमुख पाहुणे प्राचीन ऋषींच्या संशोधक वृत्तीवर बोलतात. मग तुम्ही उठता आणि 'संशोधकाची जीवनदृष्टी' या विषयावर जेवणाची वेळ होईपर्यंत बोलता. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी. जेवणानंतर गटचर्चा असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं, पण तोवर पाहुण्यांना गाडी गाठायची असते, म्हणून गटफोटो काढून प्रमाणपत्रं वाटतात. जाड कागद, सोनेरी किनार, 'संशोधनपद्धतीचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले'. माझ्याकडे अशी बरीच जमली. आईने एकदा विचारलं की याचं काय करायचं. मी म्हटलं, तुला हवं ते कर. कागद चांगला आहे म्हणून तिने ती लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधली. सर, तुमच्या प्रशिक्षणाचा तेवढा उपयोग झाला, लोणच्याला बुरशी आली नाही.

आणि मग ती पाहणी. वसई तालुक्यात बायकांच्या अंगात रक्त कमी का, याचा शोध. मातीत अनवाणी वावरणाऱ्यांच्या पायांतून बारीक जंत शिरतात, आतड्याला आकड्यासारखे चिकटून रक्त पितात, हे पुस्तकात होतंच. आपल्या तालुक्यात ते किती, हे शोधायचं होतं. विषय चांगला होता. मी हरखून गेले होते, कारण त्या बायकांशी मला त्यांच्या भाषेत बोलता येत होतं. सकाळी स्टेशनवरून केंद्राची जीप सुटायची, तुम्ही पुढे, मी आणि शौचाच्या नमुन्यांच्या डब्या मागे. जीप पश्चिमेच्या वाड्यांमधल्या डांबरी रस्त्याने जायची आणि तुम्ही हात वर केलात की थांबायची. ते घर निवडलं गेलं. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठचं, ओटीवर खुर्च्या असलेलं, घरामागे संडास असलेलं घर. चहा यायचा, शहाळं यायचं. पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे, गोखिवऱ्यापर्यंत कच्चा रस्ता होता. तिथवर आपण एकदा गेलो. तिथून पुढे डोंगराच्या पायथ्याला भातखाचरांच्या बांधांवरून पायवाट जात होती आणि पलीकडे पाडे होते. मी विचारलं, "सर, तिकडे?" तुम्ही घड्याळ पाहिलंत. "नमुना पुरेसा झालाय," म्हणालात. मला वाटलं, मोठ्या माणसाला माहीत असेल. पाहणी छापून आली. निष्कर्ष असा की तालुक्यात या जंतांचं प्रमाण नगण्य आहे आणि त्यासाठी वेगळी योजना नको. तुमचं नाव पहिलं, माझं आभारात.

त्याच सुमाराला नोटीस बोर्डावर परदेशातल्या अभ्यासवृत्तीचं पत्रक लागलं. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तरुण संशोधकांसाठी, साथरोगशास्त्राचं रीतसर शिक्षण. मी धीर करून तुमच्या खोलीत आले.

"सर, माझा अर्ज तुम्ही पुढे पाठवाल का?"

तुम्ही चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढलात की समोरच्याने बसू नये असा नियम होता. "अगं, तुला घाई कसली आहे? आणि तुम्हा वसईच्या मुलींचं काय असतं, आम्ही शिकवून तयार करायचं आणि तुम्ही लग्न करून आखातात जायचं."

"माझं लग्न ठरलेलं नाही, सर."

"ठरेल. मी आशीर्वाद देतो."

त्या जागेवर शेवटी कोण गेलं? तुम्ही स्वतः गेलात, सर. पन्नाशी उलटलेले, विभागाचे प्रमुख, वयाची अट शिथिल करून घेऊन. तरुण संशोधकांच्या खुर्चीवर तुम्ही जाऊन बसलात. विमानतळावर हार घालायला विभागातल्या सगळ्यांना यायला लावलं होतंत, आणि माझ्या हातातला हार सगळ्यांत मोठा होता, कारण तो मीच आणायचा होता.

तुम्ही गेलात आणि तुमच्या खुर्चीवर तात्पुरत्या विभागातल्याच त्या अबोल बाई आल्या, ज्यांना तुम्ही सभेत कधी बोलू दिलं नव्हतं. मी त्यांच्याकडे दुसरा अर्ज घेऊन गेले. दक्षिणेतल्या एका संस्थेत थोड्या महिन्यांचा अभ्यासक्रम होता. परदेश नाही, विमान नाही, शिकवण्याबद्दल मात्र नाव होतं. बाईंनी वाचला. पेन उघडताना एवढंच म्हणाल्या, "ते परत यायच्या आत निघून जा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यांत लांब वाक्य असेल.

त्या संस्थेत पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपलं काम मांडायचं होतं. मी आपली पाहणी मांडली. चांगली मांडली, सर. तुमचं नाव घेताना आवाज अभिमानाने भरला होता. शिकवणारे गृहस्थ लुंगी नेसून वर्गात येत, साधे, हळू बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, "घरं कशी निवडली?" मी सांगू लागले आणि सांगता सांगता मला माझंच ऐकू येऊ लागलं. जीप जात होती तिथपर्यंतची घरं. रस्त्यालगतची. चहा देणारी. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे ज्यांच्या घरापर्यंत रस्ता पोचला आहे अशांची ही पाहणी आहे. तसं शीर्षक दिलं तर ती बरोबर आहे." मी जागेवर जाऊन बसले. ज्याला तुम्ही कारकुनांचं काम म्हणाला होतात ते पुढचे सगळे महिने मी शिकले: आधी प्रत्येक घर मोजायचं, मग चिठ्ठ्या काढायच्या, आणि जे घर निघेल तिथेच जायचं. ते लांब असलं तर लांब चालायचं. दार बंद असलं तर पुन्हा जायचं. सोयीचं शेजारचं घर घ्यायचं नाही. एवढंसं आहे ते, सर. एका सकाळीत सांगून होतं. तुम्ही इतक्या वर्षांच्या शिबिरांत ते कधी सांगितलं नाहीत, कारण ते तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे कळू नये म्हणून तुम्ही ऋषींना आणत होतात.

मी परतले त्या दिवशी तुम्ही विभागाला तुमच्या परदेशवारीच्या स्लाइड्स दाखवत होतात. खिडक्यांना काळे कागद लावले होते. तुम्ही पुलासमोर, तुम्ही कबुतरांसमोर, तुम्ही बर्फात, तुम्ही एका मोठ्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. ग्रंथालयाच्या आतली एकही नव्हती. दिवे लागल्यावर तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं. एरवी मला 'अगं' म्हणणारे तुम्ही, सगळ्यांसमोर 'बाई' म्हणालात.

"या, बाई. तुम्ही शिकून आलात म्हणे. आता आम्हाला शिकवा."

मी म्हटलं, "सर, तुमच्या खोलीत बोलू का?"

"इथेच बोला. आमचंही प्रशिक्षण होऊ दे."

मग मी तिथेच बोलले. पाहणी पुन्हा करायला हवी, पूर्वेचे पाडे घ्यायला हवेत, कारण शेतात आणि दुसऱ्यांच्या वाड्यांत अनवाणी राबणाऱ्या बायका तिथे राहतात आणि आपण त्यांच्याकडे गेलोच नाही. मी सगळं सांगितलं. तुम्ही प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतात. वायर पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणालात, "तुम्ही शिकायला गेला होतात की माझ्यावर हेर म्हणून?" सगळे हसले. अबोल बाई हसल्या नाहीत. महिन्याच्या आत माझी बदली वसईच्या केंद्रावर झाली, कायमची. "खेड्याचा एवढा कळवळा आहे ना, मग तिथेच राहा," म्हणालात. तुमच्या हिशेबी ती शिक्षा होती. घरापासून केंद्र सायकलवरच्या अंतरावर होतं, हे तुमच्या ध्यानातही आलं नाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते खदखदून हसले आणि माझी जुनी सायकल तेल द्यायला घेऊन गेले.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे, आणि ते लिहिताना माझं हसू थांबतं.

पावसाळा संपत होता. डोंगराखालच्या पाड्यावरून एक बाई आली, दिवस भरत आलेले, सोबत सासू. एवढ्या अंतरात तीनदा बसावं लागलं म्हणाली. पाय सुजलेले. "बाय, पायात पानी उतरलंय. चालवत नाय," ती म्हणाली, आणि आपलंच काहीतरी चुकलं असावं तशी हसली. मी तिला खिडकीशी नेलं. पापणी खाली ओढली. सर, आतून ती कागदासारखी होती. जीभ तशीच, नखं तशीच. मी औषधांच्या कपाटाकडे गेले. जंतांचं औषध नव्हतं. लोहाच्या गोळ्या तळाशी थोड्या होत्या. मागणी केली होती. वरून उत्तर आलं होतं की या तालुक्यात त्याची विशेष गरज नाही, वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाहणीतच तसं दिसून आलं आहे. तुमच्या पाहणीत. जीपच्या पाहणीत. मी होत्या त्या गोळ्या दिल्या आणि बाळंतपणाला मोठ्या इस्पितळात जा, मी गाडी पाठवते, असं सासूला बजावलं. पण ती दिवसांच्या आधीच बाळंत झाली, पाड्यावरच. निरोप आला, मी धावले, बांधावरून चालत. फार रक्त गेलंही नव्हतं. दुसरी बाई असती तर दुपारी उठून बसून पेज प्यायली असती. तिच्याकडे जायला रक्तच नव्हतं. मी पोचले तेव्हा मूल सासूच्या मांडीवर होतं, जिवंत, आणि ती गेली होती. सासू रडत नव्हती. म्हणाली, "बाय, तुमी आलाव येवढं चालून. आमच्याकडं कोन येत नाय." ते तिने आभार मानल्यासारखं म्हटलं.

पुढच्या वेळी तुम्ही केंद्रावर आलात तेव्हा मी हे सगळं तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. नंतर म्हणालात, "वाईट झालं. पण एक केस म्हणजे संशोधन नव्हे." संशोधनपद्धतीबद्दलचं तुमच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं बरोबर वाक्य होतं. त्या वाक्यामुळे तुमच्याबद्दलचा माझा उरलेला आदर संपला, आणि त्याच वाक्याने मला कामाला लावलं.

तुम्हाला नको असलेली माणसं तुम्ही माझ्याकडे पाठवायचात. पॅथॉलॉजीतला एक ट्यूटर, ज्याने त्याच विभागात असलेल्या तुमच्या मेव्हण्याची चूक दाखवली होती. आणि एक संशोधन सहायक मुलगी, जी गटफोटोच्या दिवशी रजेवर गेली होती. दोघं पडलेल्या चेहऱ्याने आली. मी त्यांना व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि जे मला शिकवलं होतं ते शिकवलं. मांडव नाही, माळा नाहीत. आधी आम्ही पाड्यांवरचं प्रत्येक घर खडूने क्रमांक घालून मोजलं. आईच्या हंड्यात चिठ्ठ्या टाकल्या. ट्यूटरने काढलेलं पहिलंच घर सगळ्यांत लांबचं, ओढ्याच्या पलीकडचं निघालं. त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. "त्याच्या अलीकडचं घेतलं तर?" मी म्हटलं, "मग मुंबईला परत जा आणि सरांबरोबर जीपमध्ये बस." तो उठला आणि चालायला लागला. त्या मुलीला मी बायकांशी बोलायला शिकवलं. डबी हातात देऊन पळायचं नाही. आधी बसायचं, त्यांना विचारू द्यायचं, कशाला हवंय हे लाजेशिवाय सांगायचं. एक म्हातारी तिला म्हणाली, "आमची घान घेऊन तुमी काय करनार गो?" मुलीने तिला केंद्रावर आणून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्याच पोटातल्या जंताचं अंडं दाखवलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या पाड्याच्या बायका डब्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. आमचे रविवार गेले, रजा गेल्या. जे सापडलं ते सांगायला आकडे नकोत. पश्चिमेला जे नगण्य होतं ते इथे घराघरात होतं. आम्ही ते जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवलं. तो खडूस माणूस होता, पण वाचणारा होता. त्याने एकच विचारलं, घरं कशी निवडली. आम्ही सांगितलं. औषध आलं, गोळ्या आल्या, आणि त्यामागोमाग तुम्ही आलात.

जीप केंद्राच्या दाराशी थांबली. तुम्ही आत येऊन माझ्याच खुर्चीवर बसलात आणि पुन्हा 'अगं' सुरू झालं. "अगं, चांगलं काम झालंय. मी पहिल्यापासून म्हणत होतो. आता लेख नीट लिहू. माझं नाव पहिलं, मग तुझं. त्या पोरांचं आभारात घालू."

मला वाटतं, इतकी वर्षं मी त्याच क्षणाची वाट पाहत होते. मी म्हटलं, "सर, घालते तुमचं नाव. पण आधी एका घरापर्यंत माझ्याबरोबर या. चालत."

तुम्ही हसलात. मी हसले नाही. ती दोघं दाराशी उभी होती. त्यांच्यासमोर नाही म्हणवेना, म्हणून तुम्ही उठलात. गोखिवऱ्यापर्यंत जीपने आलो आणि उतरलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, बांध निसरडा होता. तुमच्या पायांत ते परदेशातून आणलेले तपकिरी बूट. पहिल्या वळणावर तुमचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. तुम्ही उभे राहिलात, पाड्याकडे पाहिलंत, बुटाकडे पाहिलंत. पाडा समोर दिसत होता, सर. धूर दिसत होता, वाळत घातलेली लुगडी दिसत होती. मी हात पुढे केला. तो धरला असतात तर मी खरंच तुमचं नाव पहिलं घातलं असतं. तुम्ही मागे वळलात. जीपमध्ये बसल्यावर रुमालाने बूट पुसता पुसता म्हणालात, "तुझ्या बढतीचं मी बघतो." आणि तुम्ही बघितलंत. तुम्ही निवृत्त होईपर्यंत मला वरची जागा मिळाली नाही. लेख आम्हा तिघांच्या नावाने छापला गेला. आभारात पाड्याचं नाव होतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी तुम्ही गेलात. शोकसभेला मी आले होते. एकेक जण उठून सांगत होता, सरांनी मला घडवलं. मी त्या प्रत्येकाकडे नीट पाहिलं. कुणाला तुम्ही मेव्हण्याच्या सोयीने हलवलं होतंत, कुणाला फोटोपुरतं बोलावलं होतंत. आपला अपमान झाला होता हे म्हणायची लाज वाटते, म्हणून माणसं घडवलं म्हणतात. मी बोलले नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. मला गाडी पकडून केंद्रावर जायचं होतं, त्या दिवशी नवी तुकडी येणार होती. तोवर व्हरांड्यातला तो वर्ग रीतसर सुरू झाला होता. इतर कॉलेजांतूनही तरुण मंडळी येऊ लागली होती. प्रमाणपत्र मिळत नाही हे कळल्यावर थोडी परत जायची, उरलेली चालायची.

आता त्या पाड्याकडे जाणाऱ्या बांधावर इमारती आहेत. गाडी थेट दारात जाते. तुम्हाला फार सोयीचं झालं असतं. आणि प्रशिक्षण आता घरबसल्या मिळतं. बढतीसाठी ते सक्तीचं आहे, म्हणून लोक व्हिडिओ चालू ठेवून पोळ्या लाटतात आणि शेवटी प्रमाणपत्र छापून घेतात. तुम्ही हरला नाहीत, सर. तुमचा मांडव देशभर पसरलाय, फक्त श्रीखंड बंद झालं.

काल फीत कापून झाल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. औषधशास्त्रात संशोधन करते, मुरबाडकडची आहे. तिने हळूच विचारलं, "मॅडम, या खोलीत खरंच काही शिकवणार का?" इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी डीनबाईंकडे गेले आणि दर गुरुवारची सकाळ मागून घेतली. म्हणजे तुमच्या नावाच्या खोलीत, तुमच्या हसऱ्या फोटोखाली, आता मी शिकवणार आहे. फोटो काढा असं मी म्हटलं नाही. त्याला हार घालू नका एवढं सांगितलं. फुलं कुजतात आणि खोलीत वास येतो.

हा कागद कुठे जायचा नाही. तुमच्या मुलाला द्यावा असं क्षणभर मनात आलं होतं, पण वडिलांवर प्रेम करणाऱ्या माणसाला असलं काही वाचायला देऊ नये. एकच सांगून थांबते. हे दुसऱ्यांदा लिहिलेलं आहे. पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा ठरवून तुम्हाला अरे-तुरे करत सुरुवात केली होती. वाटलं, मेलेल्या माणसाला कसलं अहो-जाहो, आणि त्यातही तुम्हाला. चार ओळी झाल्या आणि पेन पुढे सरकेना. मी तो कागद फाडला, नवा घेतला आणि पुन्हा 'सर' म्हणून सुरुवात केली.